लहान श्वासांचे उपचार

फ्लूमुळे श्वास कोलमडलेला रुग्ण आमच्या अतिदक्षता विभागात येतो, तेव्हा नातेवाइकांच्या हातातील पिशवीत बहुधा छातीचे दोन एक्स-रे असतात. पहिल्यात फुप्फुसांच्या खालच्या भागात थोडीशी पांढरट छाया दिसते आणि ती पाहून कोणीतरी साधा न्यूमोनिया म्हणून प्रतिजैविके सुरू केलेली असतात. दुसरा एक्स-रे त्यानंतर दीड-दोन दिवसांनी काढलेला असतो आणि त्यात दोन्ही फुप्फुसे इतकी पांढरी झालेली असतात की हृदयाची कडही नीट ओळखू येत नाही. या दोन फिल्मच्या मधल्या काळात काय घडले हे समजावून सांगणे माझ्या कामातील अवघड भागांपैकी एक आहे, कारण ताप, अंगदुखी आणि कोरडा खोकला अशा ओळखीच्या आजारातून चाळिशीतला धडधाकट माणूस चार-पाच दिवसांत व्हेंटिलेटरपर्यंत पोहोचतो, ही गोष्ट घरच्यांना पटत नाही. फ्लूवर गोळी आहे हे त्यांनी ऐकलेले असते. मग ती देऊन रुग्णाला बरे का करत नाही, हा त्यांचा पुढचा आणि अगदी रास्त प्रश्न असतो. त्याचे उत्तर आयसीयूच्या दारात उभ्या उभ्या नीट देता येत नाही, म्हणून ते येथे सवडीने लिहिते आहे.

निरोगी फुप्फुसांत सुमारे 30 ते 50 कोटी वायुकोश असतात. वायुकोशातील हवा आणि शेजारच्या केशवाहिनीतील रक्त यांच्यामधला पडदा बहुतेक ठिकाणी एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, आणि म्हणूनच प्राणवायू त्यातून क्षणार्धात रक्तात उतरतो. इन्फ्लूएन्झाचा विषाणू बहुसंख्य लोकांमध्ये नाक, घसा आणि मोठ्या श्वासनलिका यांच्यापुरताच राहतो. काहींमध्ये मात्र तो वायुकोशांच्या पेशींपर्यंत उतरतो, त्या पेशी मरतात, शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या जागी धावून येते आणि या दोन्हींच्या एकत्रित परिणामाने तो पातळ पडदा गळू लागतो. रक्तातला प्रथिनयुक्त द्रव वायुकोशांत भरतो, त्यांना उघडे ठेवणारा सर्फॅक्टंटचा थर नासतो, काही वायुकोश मिटतात आणि जे उघडे राहतात त्यांच्या आतल्या बाजूला मृत पेशी व प्रथिने यांचा चिवट थर बसतो. रक्त अशा भागातून वाहत राहते, पण प्राणवायू न घेताच पुढे जाते. बाहेरून कितीही प्राणवायू दिला तरी सॅच्युरेशन का चढत नाही, याचे कारण हेच आहे.

या अवस्थेला एआरडीएस (अ‍ॅक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम) म्हणतात. 1967 मध्ये अ‍ॅशबॉ, पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये 12 रुग्णांचे वर्णन करून तिची पहिली ओळख करून दिली. आज आम्ही 2012 च्या बर्लिन व्याख्येप्रमाणे तिची तीव्रता ठरवतो: धमनीच्या रक्तातील प्राणवायूचा दाब घ्यायचा आणि रुग्ण घेत असलेल्या हवेतील प्राणवायूच्या प्रमाणाने त्याला भागायचे. निरोगी माणसात हा आकडा 400 च्या वर असतो. 300 च्या खाली एआरडीएस सुरू होतो आणि 100 किंवा त्याखाली तो तीव्र ठरतो. फ्लूच्या रुग्णांमध्ये 60 किंवा 70 हा आकडा मी अनेकदा पाहिला आहे. हा माणूस शंभर टक्के शुद्ध प्राणवायू घेत असतो आणि तरीही त्याच्या धमनीतला दाब जेमतेम तग धरण्यापुरता असतो.

पुण्यातील माझ्या पिढीच्या डॉक्टरांना हा आजार 2009 ने शिकवला. जागतिक आरोग्य संघटनेने 11 जून 2009 रोजी नव्या एच1एन1 विषाणूची साथ ही महासाथ असल्याचे जाहीर केले आणि 3 ऑगस्टला या विषाणूमुळे झालेला भारतातील पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला. त्यानंतर नायडू रुग्णालयाबाहेर लागलेल्या तपासणीच्या रांगा, राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जाणाऱ्या नमुन्यांचा पूर, बंद ठेवलेल्या शाळा व चित्रपटगृहे, आणि 23 ऑगस्टला आलेल्या गणेश चतुर्थीला तोंडावर रुमाल बांधून झालेली खरेदी हे सारे पुणेकरांच्या आठवणीत आहे. मी तेव्हा भूलशास्त्राची निवासी डॉक्टर होते. आम्हाला सर्वांत जास्त हादरवले ते रुग्णांच्या वयाने. फ्लू म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना मारतो असे पुस्तकात वाचलेले, आणि समोर पंचवीस ते पन्नास वयाची माणसे, गर्भवती स्त्रिया, स्थूल पण एरवी ठणठणीत असलेले तरुण. आपल्याकडची ही स्थिती अपवादात्मक नव्हती. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील त्या हिवाळ्यातील आयसीयूमधल्या 722 रुग्णांची माहिती लवकरच प्रसिद्ध झाली, आणि त्यांत सुमारे 9 टक्के गर्भवती होत्या व चौथ्या हिश्शाहून अधिक रुग्ण अतिस्थूल होते. वृद्धांना थोडे संरक्षण मिळाले ते 1957 पूर्वी फिरत असलेल्या जुन्या एच1एन1 विषाणूंशी त्यांच्या शरीराची आधीच गाठ पडली असल्यामुळे. महासाथ 2010 मध्ये संपल्याचे जाहीर झाले, विषाणू मात्र राहिला; 2015 मध्ये देशात 42 हजारांहून अधिक रुग्ण आणि जवळपास 3 हजार मृत्यू नोंदले गेले, आणि आजही दर पावसाळ्यात थोडेफार रुग्ण आमच्यापर्यंत पोहोचतातच.

आता औषधाकडे वळते. ओसेल्टामिविर, म्हणजे लोकांच्या तोंडची टॅमिफ्लू, विषाणूच्या पृष्ठभागावरील न्यूरामिनिडेज या विकराला रोखते आणि त्यामुळे एका पेशीत तयार झालेले नवे विषाणू सुटून पुढच्या पेशींत जाऊ शकत नाहीत. याचा सरळ अर्थ असा की ते पुढचे नुकसान थांबवते. झालेले नुकसान भरून काढत नाही. लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या दोन दिवसांत दिले तर लाभ सर्वाधिक, आणि एआरडीएस होऊन आयसीयूत येणारा रुग्ण बहुधा पाचव्या-सहाव्या दिवशी येतो. तरीही आम्ही ते देतोच, कारण गंभीर रुग्णांच्या फुप्फुसांत विषाणू दीर्घकाळ वाढत राहतो आणि 29 हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी एकत्र करून केलेल्या मोठ्या विश्लेषणात औषध मिळालेल्यांचे मृत्यू कमी आढळले. मात्रा 75 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मूत्रपिंड कमजोर असेल तर त्यानुसार कमी. शुद्धीत नसलेल्या रुग्णाला कॅप्सूल उघडून पोटातील नळीतून. दुप्पट मात्रेने अधिक लाभ होईल ही कल्पना आग्नेय आशियातील एका चाचणीत तपासली गेली आणि ती खरी ठरली नाही. आपल्याकडे साथीच्या सुरुवातीला हे औषध सरकारी केंद्रांतूनच मिळत असे आणि पुढेही ते औषधांच्या कडक ‘एक्स’ अनुसूचीत राहिले. 2017 मध्ये ते ‘एच1’ अनुसूचीत आल्यावर साध्या औषधाच्या दुकानात चिठ्ठीवर मिळू लागले. माझ्या मते हा बदल आयसीयूतील कोणत्याही यंत्राइतकाच महत्त्वाचा आहे, कारण या औषधाची खरी जागा आमच्या विभागात नसून गल्लीतल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आहे.

निदानाविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकते. घशाचा स्वॅब निगेटिव्ह आला म्हणून फ्लू नाही, असे या रुग्णांच्या बाबतीत धरता येत नाही. आजार छातीत उतरलेला असतो तेव्हा वरच्या मार्गातला विषाणू कमी झालेला असू शकतो. श्वासनलिकेत नळी असेल तर तिच्यातून काढलेला स्राव तपासणे अधिक भरवशाचे असते. अहवाल येईपर्यंत औषध थांबवण्यात काही शहाणपण नाही.

नळी टाकण्याची वेळ ठरवणे हा पुढचा टप्पा आणि त्याबद्दल मतभेदही पुष्कळ. नाकातून मिनिटाला 60 लिटरपर्यंत ओलसर, उबदार प्राणवायू देणारी हाय फ्लो यंत्रे 2009 मध्ये आमच्याकडे नव्हती. आज ती बहुतेक आयसीयूत आहेत आणि त्यांच्यामुळे अनेकांची नळी टळते. तोंडावर घट्ट मास्क लावून दाब देण्याची पद्धतही आहे, पण फ्लूच्या तीव्र एआरडीएसमध्ये माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही. प्राणवायूसाठी तडफडणारा रुग्ण स्वतःच प्रत्येक श्वास मोठा आणि जोराने ओढतो, मास्कचे यंत्र त्यात भर घालते आणि आधीच फाटलेले फुप्फुस आणखी ताणले जाते. मॉनिटरवर सॅच्युरेशन 92 दिसत असते, म्हणून सर्वांना बरे वाटते. पण मानेचे स्नायू खेचले जात असतात, श्वासांची गती 40 च्या वर असते आणि घामाने चादर भिजलेली असते. अशा वेळी आकडा सोडून माणसाकडे पाहावे लागते. येथेच नातेवाईकही अडतात. “एकदा व्हेंटिलेटरवर गेला की माणूस परत येत नाही,” हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक आयसीयूच्या बाहेर रोज उच्चारले जाते, आणि त्यामागे कोणाच्या तरी घरचा खरा अनुभव असतो, म्हणून मी ते कधी झिडकारत नाही. मी त्यांना एवढेच सांगते की व्हेंटिलेटरवर जाणारे सर्वाधिक आजारी असतात म्हणून त्यांच्यात मृत्यू अधिक दिसतात, आणि उशिरा, अगदी थकून कोसळल्यावर टाकलेली नळी वेळेवर टाकलेल्या नळीपेक्षा कितीतरी धोकादायक असते.

व्हेंटिलेटर नेमके काय करतो याबद्दलचा समज बहुतेकांच्या मनात चुकीचा असतो, आणि पूर्वी तो डॉक्टरांच्याही मनात चुकीचा होता. कोपनहेगनमध्ये 1952 च्या पोलिओच्या साथीत ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेत नळी घालून हाताने पिशवी दाबत रुग्णांना जगवले, वैद्यकीय विद्यार्थी आळीपाळीने तासन् तास पिशवी दाबत बसले, आणि त्यातून आजचा अतिदक्षता विभाग जन्माला आला. त्या रुग्णांचे स्नायू लुळे पडलेले होते. फुप्फुसे मात्र मुळात चांगली होती. पुढे शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल दिलेल्या रुग्णांची फुप्फुसे मिटू नयेत म्हणून मोठे श्वास देण्याची सवय रूढ झाली. निरोगी फुप्फुसांसाठी ठीक असलेली हीच सवय एआरडीएसच्या रुग्णांसाठीही अनेक दशके वापरली गेली आणि वजनाच्या प्रत्येक किलोमागे 10 ते 15 मिलिलिटर एवढा श्वास देणे सर्वमान्य होते.

इटलीतील लुचानो गत्तिनोनी यांनी 1980 च्या दशकात अशा रुग्णांचे सीटी स्कॅन काढून पाहिले तेव्हा चित्र बदलले. एक्स-रेमध्ये सर्वत्र सारखे पांढरे दिसणारे फुप्फुस प्रत्यक्षात सारखे आजारी नसते. पाणी शोषलेला स्पंज स्वतःच्या भाराने खालून दबावा तसा पाठीकडचा भाग दबून निकामी झालेला असतो आणि छातीकडचा थोडासा भाग हवेसाठी शिल्लक राहिलेला असतो. हा शिल्लक भाग इतका लहान असतो की गत्तिनोनींनी त्याला बाळाचे फुप्फुस म्हटले. प्रौढ माणसाचा पूर्ण श्वास त्या बाळाच्या फुप्फुसात घातला तर ते ताणले जाते, फाटते, नवा दाह सुरू होतो आणि तो दाह रक्तातून इतर अवयवांपर्यंत पोहोचतो. म्हणजे रुग्णाला जगवणारे यंत्रच त्याच्या फुप्फुसांना मारत असते.

अमेरिकेतील एआरडीएस नेटवर्कने 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीने हा वाद मिटवला. 861 रुग्णांपैकी निम्म्यांना किलोमागे 12 मिलिलिटरचा आणि निम्म्यांना 6 मिलिलिटरचा श्वास दिला गेला, लहान श्वासाच्या गटात श्वास रोखून मोजलेला दाब पाण्याच्या 30 सेंटिमीटर स्तंभाच्या वर जाऊ दिला गेला नाही, आणि मृत्यूचे प्रमाण 39.8 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आले. या चाचणीतील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट मथळ्यात कधी येत नाही. पहिल्या काही दिवसांत मोठे श्वास घेणाऱ्या गटाच्या रक्तातील प्राणवायू लहान श्वासवाल्यांपेक्षा चांगला होता. रोजच्या रोज अहवाल पाहून निर्णय घेणारा कोणताही डॉक्टर, अगदी प्रामाणिकपणे, मोठ्या श्वासांनाच पसंती देत राहिला असता, आणि अधिक रुग्ण मरत राहिले असते. तीव्र फ्लूच्या उपचारांत त्यानंतर जे जे टिकले, त्यातील बहुतेक गोष्टी फुप्फुसाला कमी त्रास देण्याच्या आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळ गोष्टी त्या त्या क्षणी आकडे सुंदर दाखवत नाहीत.

किलोमागे 6 मिलिलिटर हा हिशेब प्रत्यक्ष वजनावर करायचा नसतो, हे येथे आवर्जून सांगते, कारण फ्लूच्या रुग्णांमध्ये स्थूलता वारंवार आढळते. चरबी वाढली म्हणून फुप्फुसे वाढत नाहीत. त्यांचा आकार उंची आणि लिंग यांवर ठरतो. 155 सेंटिमीटर उंचीच्या आणि 90 किलो वजनाच्या स्त्रीचे उंचीवरून काढलेले वजन जेमतेम 48 किलो येते, म्हणजे तिचा श्वास 290 मिलिलिटरच्या आसपास हवा. प्रत्यक्ष वजन धरले तर तो 540 होतो. आपल्याकडच्या केसपेपरवर वजनाची जागा भरलेली आणि उंचीची जागा कोरी, असे नेहमी दिसते. झोपलेल्या रुग्णाची उंची मोजायला शिंप्याची टेप पुरते आणि माझ्या विभागात ती व्हेंटिलेटरच्या ट्रॉलीलाच बांधून ठेवलेली आहे.

लहान श्वास दिले की कार्बन डायऑक्साइड साठतो. रक्त थोडे आम्लधर्मी झाले तरी, पीएच साधारण 7.2 च्या खाली जात नसेल तोवर, आम्ही ते चालवून घेतो. सॅच्युरेशनही 88 ते 95 च्या दरम्यान असले तर समाधान मानतो. वायुकोश प्रत्येक श्वासानंतर पुन्हा मिटू नयेत म्हणून उच्छ्वासाच्या शेवटी काही दाब शिल्लक ठेवतो, त्याला पीप म्हणतात, आणि तो किती असावा यावर परिषदांमध्ये तासन् तास वाद होतात. भेटीच्या वेळेत आलेले नातेवाईक मॉनिटरवर 90 पाहून घाबरतात आणि यंत्राचा प्राणवायू वाढवायला सांगतात. त्यांना मी सांगते की 90 वर माणूस जगतो. 98 मिळवण्यासाठी द्यावा लागणारा दाब त्याला महागात पडेल.

एवढे करूनही प्राणवायू पुरत नसेल, तर रुग्णाला पालथे घालतात, त्याला प्रोन म्हणतात. कोविडनंतर हे घराघरांत माहीत झाले, पण 2009 मध्ये तो शेवटचा उपाय समजला जाई आणि अनेक ठिकाणी तो केलाच जात नसे. त्याला कारणही होते. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटालियन चाचणीत रुग्णांना दिवसाला सुमारे सात तास पालथे ठेवले होते; प्राणवायू सुधारला, मृत्यू कमी झाले नाहीत. फ्रान्समधील क्लोद गेरँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये प्रसेव्हा चाचणीत केवळ तीव्र रुग्ण निवडले, त्यांना एका वेळी किमान 16 तास पालथे ठेवले, आणि 466 रुग्णांच्या त्या अभ्यासात 28 दिवसांतील मृत्यू 32.8 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आले. आयसीयूच्या इतिहासात एवढा फरक दाखवणारे उपाय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. पालथे झाल्यावर हृदयाचा भार फुप्फुसांवरून उतरतो, पाठीकडचे मिटलेले मोठे भाग उघडतात, रक्ताचा प्रवाह मात्र बऱ्याच अंशी पाठीकडेच राहतो, आणि हवा व रक्त यांची गाठ पुन्हा पडू लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक श्वासाचा ताण फुप्फुसभर अधिक सारखा वाटला जातो.

यासाठी कोणतेही नवे यंत्र लागत नाही, माणसे लागतात. डोक्याशी नळी धरणारा एक डॉक्टर, दोन्ही बाजूंना दोन-दोन जण, छातीवरचे इलेक्ट्रोड आधी काढून मग पाठीवर लावणे, डोळे बंद करून पट्टी, पोटातील नळी रिकामी, रुग्णाला दोन चादरींमध्ये घट्ट गुंडाळून आधी कडेला सरकवणे, मग कुशीवर, मग पालथे, आणि हे सारे एका माणसाच्या मोजणीवर. यातला एक जरी गडबडला तर श्वासनळी निसटते, आणि पालथ्या रुग्णात ती परत घालणे हे प्रत्येक भूलतज्ज्ञाचे दुःस्वप्न आहे. त्यानंतर दर दोन तासांनी मान एका बाजूहून दुसरीकडे वळवणे, गाल, हनुवटी, गुडघे यांखाली उशा ठेवणे हे काम सिस्टर आणि वॉर्डातले मामा करतात. माझ्या पाहण्यात ज्या विभागांचे निकाल चांगले आहेत तेथे अनुभवी सिस्टर टिकून राहिलेल्या असतात. खासगी रुग्णालये इमारतीवर आणि यंत्रांवर खर्च करतात आणि एका सिस्टरच्या वाट्याला तीन-तीन व्हेंटिलेटर देतात. अशा ठिकाणी 16 तासांचा प्रोन कागदावरच होतो. पालथेपणानंतर चेहरा सुजतो, डोळे उघडत नाहीत, आणि घरच्यांना आधी सांगितले नसेल तर त्यांना धक्का बसतो. म्हणून आम्ही आधीच सांगतो.

बाकीच्या उपायांबद्दल थोडक्यात. सलाइन कमी द्यावे. गळक्या फुप्फुसात जास्तीचे पाणी उतरते, आणि 2006 च्या 1,000 रुग्णांच्या चाचणीत हात आखडून द्रव दिलेल्यांचे मृत्यू लक्षणीय घटले नसले तरी त्यांची व्हेंटिलेटरवरून सुटका लवकर झाली. स्नायू शिथिल करणारी औषधे 2010 च्या फ्रेंच चाचणीत लाभदायक दिसली, 2019 च्या मोठ्या अमेरिकन चाचणीत तो लाभ दिसला नाही. म्हणून आम्ही ती सरसकट न वापरता यंत्राशी झगडणाऱ्या रुग्णापुरती वापरतो.

स्टिरॉइडबद्दल मात्र थोडे थांबून लिहावे लागेल. 2020 मध्ये ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीने दाखवले की 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरील कोविड रुग्णांचे मृत्यू 41.4 टक्क्यांवरून 29.3 टक्क्यांवर येतात. तेव्हापासून फुप्फुसे पांढरी दिसली की हात आपोआप स्टिरॉइडकडे जातो. फ्लूमध्ये अशा दर्जाचा पुरावा हाती नव्हता. निरीक्षणात्मक अभ्यासांत उलट स्टिरॉइड मिळालेल्या रुग्णांचे मृत्यू अधिक आढळले. हे अभ्यास निर्दोष नाहीत, कारण अधिक आजारी माणसालाच स्टिरॉइड दिले जाते. तरीही दम्याचा झटका किंवा औषधांना न जुमानणारा सेप्टिक शॉक असे वेगळे कारण नसताना फ्लूसाठी म्हणून ते देण्याची माझी तयारी नाही. खेड्यातून आलेल्या अनेक रुग्णांना पहिल्याच दिवशी तापासाठी स्टिरॉइडचे इंजेक्शन मिळालेले असते, हे केसपेपरवर लिहिलेले नसते आणि विचारून घ्यावे लागते.

ते विचारण्यामागे आणखी एक कारण आहे. फ्लूने सोललेल्या श्वासमार्गात जिवाणू सहज घर करतात. 1918 च्या महासाथीतील शवविच्छेदनांचे नमुने पुन्हा तपासले तेव्हा बहुसंख्य मृत्यूंमध्ये जिवाणूंचा न्यूमोनिया आढळला. आजही ताप उतरून बरे वाटू लागलेला रुग्ण दोन दिवसांनी पुन्हा तापतो, पू येतो, आणि कल्चरमध्ये न्यूमोकोकस किंवा स्टॅफिलोकोकस निघतो. म्हणून सुरुवातीला प्रतिजैविके देणे योग्यच आहे, आणि कल्चर निगेटिव्ह आल्यावर ती थांबवणेही तितकेच योग्य. अलीकडच्या काळात बुरशीकडे लक्ष गेले आहे. नेदरलँड्स आणि बेल्जियममधील आयसीयूंत दाखल झालेल्या 432 फ्लू रुग्णांच्या 2018 मधील अभ्यासात 19 टक्क्यांना अ‍ॅस्परजिलस बुरशीचा संसर्ग आढळला, आणि स्टिरॉइड घेतलेल्यांना त्याचा धोका अधिक होता. दुसऱ्या आठवड्यात विनाकारण बिघडणाऱ्या रुग्णाच्या फुप्फुसातील स्राव दुर्बिणीने काढून त्यात गॅलॅक्टोमॅनन या बुरशीच्या खुणेची तपासणी करावी, असे मी आता प्रत्येक कनिष्ठ डॉक्टरला सांगते.

एक्मोविषयी लोक फार विचारतात. मोठ्या शिरेतून रक्त बाहेर काढायचे, कृत्रिम पडद्यातून त्यात प्राणवायू मिसळायचा आणि परत शिरेत सोडायचे, म्हणजे फुप्फुसांना जवळजवळ पूर्ण विश्रांती. 2009 मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने 68 फ्लू रुग्णांना एक्मोवर ठेवून बहुतेकांना वाचवले आणि हे तंत्र जगभर पसरले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या सीझर चाचणीत लेस्टरच्या एक्मो केंद्राकडे पाठवलेल्या गटातील 63 टक्के रुग्ण सहा महिन्यांनी गंभीर अपंगत्वाशिवाय जिवंत होते, तर इतरत्र उपचार घेतलेल्यांत 47 टक्के. पण लेस्टरला पाठवलेल्या 90 जणांपैकी प्रत्यक्ष एक्मो 68 जणांनाच लागला. उरलेल्यांपैकी अनेकांना अनुभवी केंद्रातील नेटक्या व्हेंटिलेटर उपचारांनीच तारले. 2018 च्या एओलिया चाचणीत मृत्यू 46 टक्क्यांवरून 35 टक्क्यांवर आले, मात्र हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीला थोडक्यात कमी पडला. आपल्याकडे एक्मोचा खर्च अनेक लाखांत जातो, दागिने गहाण पडतात, जमीन विकली जाते. लहान श्वास आणि प्रोन नीट करून पाहिल्याशिवाय एक्मोचा सल्ला देणे मला अन्यायाचे वाटते. ते दोन्ही करूनही तरुण रुग्ण बुडत असेल तर मात्र वेळ न दवडता एक्मो केंद्राला फोन करावा, कारण दहा दिवस जबर दाबाखाली काढल्यानंतर त्या यंत्राचाही फारसा उपयोग होत नाही.

त्यानंतर उरतो तो वाट पाहण्याचा काळ. वायुकोशांच्या भिंतीतील दुसऱ्या प्रकारच्या पेशी विभागून नव्या पेशी तयार करतात, द्रव हळूहळू शोषला जातो, आणि या कामाला दोन-तीन आठवडे सहज लागतात. ते लवकर व्हावे म्हणून देण्याजोगे औषध आजही आमच्याकडे नाही. रोज सकाळी झोपेची औषधे कमी करून पाहायची, रुग्ण स्वतः श्वास घेतो का याची चाचणी घ्यायची, नळी लांबणार असेल तर गळ्यात छिद्र करून ती तेथून द्यायची. “आज काय फरक?” या रोजच्या प्रश्नाला “कालच्यासारखेच” हे उत्तर चांगले असते, हे समजायला घरच्यांना आठवडा लागतो.

घरी गेल्यावरच्या काळाबद्दल आपण फार कमी बोलतो. टोरांटोतील मार्गारेट हेरिज यांनी एआरडीएसमधून वाचलेल्या 109 जणांचा पाठपुरावा केला. वर्षभरात बहुतेकांची फुप्फुसे जवळपास पूर्ववत झाली. अशक्त राहिले ते स्नायू. आयसीयूतून बाहेर पडताना त्यांचे वजन सरासरी 18 टक्क्यांनी घटलेले होते आणि वर्षानंतरही निम्मेच कामावर परतले होते. आमच्या बाह्यरुग्ण विभागातही हेच दिसते. जिना चढताना पाय थरथरतात, रात्री विचित्र स्वप्ने पडतात, आयसीयूत कोणीतरी आपल्याला बांधून पळवून नेत होते असे काहींना खरेच वाटत असते आणि ते सांगायची लाज वाटते. कंपनी मात्र पंधरा दिवसांत फिटनेस सर्टिफिकेट मागते. मी हलक्या कामाचे आणि तीन महिन्यांच्या फिजिओथेरपीचे पत्र लिहून देते. ते किती मालक मानतात याचा अनुभव संमिश्र आहे.

त्याच भेटीत लसीचाही विषय निघतो. महासाथीच्या पहिल्या लाटेत आपल्याकडे लस नव्हती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नाकातून देण्याची लस 2010 च्या मध्यावर आली. आता दर वर्षी नवी लस मिळते, पण ती कधी घ्यावी यात घोळ होतो, कारण युरोप-अमेरिकेचे वेळापत्रक ऑक्टोबरचे आहे आणि पुण्या-मुंबईत फ्लू जूननंतर पावसाबरोबर चढतो. म्हणून एप्रिल किंवा मे महिन्यात यावे, असे मी चिठ्ठीवर लिहिते. “एकदा होऊन गेला ना, मग परत कशाला?” असे रुग्ण हमखास विचारतात. ज्या एच1एन1 ने त्यांना पाडले तो बदलत राहतो, आणि एच3एन2 व इन्फ्लूएन्झा बी या फ्लूच्या इतर विषाणूंशी त्यांच्या शरीराची या आजारातून काहीच ओळख झालेली नसते, एवढे सांगितले की घरचे बहुधा स्वतःसाठीही लस मागून घेतात.